पुस्तकातला प्रलय पडद्यावर आला की वाचक का बिथरतात?

गाजलेल्या कादंबरीवर मालिका आली की दोन दिवसांत प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं 'नाद खुळा', दुसऱ्याचं 'पुस्तकाची पार वाट लावली'. त्यात ती कादंबरी जग संपल्यानंतरची असेल तर वाद आणखी चिघळतो. साथीत किंवा युद्धात बहुतेक माणसं गेली, वीज गेली, सरकार गेलं. आता उरलेल्यांनी जगायचं कसं, अशा या गोष्टी. त्यांना पोस्ट-अपोकॅलिप्टिक म्हणतात. आपण इथे प्रलयोत्तर म्हणू.

नुसतं 'आवडली' किंवा 'नाही आवडली' म्हणून हा वाद सुटत नाही, कारण प्रेक्षक दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर चिडलेले असतात. एक तक्रार असते, 'पुस्तकात असं नव्हतं.' दुसरी, 'असं प्रत्यक्षात घडूच शकत नाही.' दोन्ही तक्रारींची पारख वेगळी करावी लागते. पहिलीत बऱ्याचदा वाचक घाई करतात. दुसरीत मात्र त्यांचं बरोबर असतं, आणि कोल्हापूरच्या प्रेक्षकाचं तर हमखास.

उदाहरणाला 'स्टेशन इलेव्हन' घेऊ. एमिली सेंट जॉन मँडेल यांची ही कादंबरी २०१४ साली आली आणि २०१५ साली तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. पॅट्रिक सॉमरव्हिल यांनी तिच्यावर केलेली दहा भागांची मालिका एचबीओ मॅक्सवर १६ डिसेंबर २०२१ ते १३ जानेवारी २०२२ या काळात आली. पुढे कथानक उघडं होणार आहे. ज्यांना कोऱ्या मनाने बघायची असेल त्यांनी आधी बघून घ्यावी.

गोष्ट काय, आणि बदललं काय

शिकागोच्या एका नाट्यगृहात 'किंग लिअर'चा प्रयोग चालू असताना मुख्य नट आर्थर लिअँडर रंगमंचावर कोसळतो. प्रेक्षकांतून जीवन चौधरी नावाचा माणूस धावत वर जातो. नाटकात लहानशी भूमिका करणारी आठ वर्षांची कर्स्टन त्या गोंधळात एकटी पडते. त्याच रात्री शहरात एक भयंकर फ्लू पसरू लागतो आणि बघता बघता जवळपास सगळी माणसं मरतात. वीस वर्षांनंतर कर्स्टन एका फिरत्या मंडळीत नटी आहे. ही मंडळी वस्त्या-वस्त्यांवर संगीत आणि शेक्सपिअर घेऊन जाते.

पुस्तकात ही सुरुवात टोरांटोत होते. तिथला जीवन वैद्यकीय मदतनीसाचं शिक्षण घेतोय, त्यामुळे वर जाऊन काय करायचं हे त्याला कळतं. मालिकेतला जीवन तसाच धावतो, पण करायचं काय हे त्याला ठाऊक नसतं. खरी ठिणगी पडते ती पुढे. पुस्तकात जीवन आणि कर्स्टन यांची त्या रात्री जेमतेम भेट होते आणि वाटा कायमच्या वेगळ्या होतात. मालिकेत तो तिला घरी सोडायला निघतो, ते जमत नाही, आणि ती त्याच्याबरोबर त्याच्या भावाच्या, फ्रँकच्या फ्लॅटवर पोचते. अख्खा हिवाळा तिघं तिथे काढतात. शेवटही वेगळा आहे: स्वतःला 'प्रेषित' म्हणवणारा पंथप्रमुख पुस्तकात मारला जातो, मालिकेत तो जगतो आणि आईशी त्याचं मन जुळतं.

म्हणजे किरकोळ डागडुजी नाही, पायाच हलवलाय. तरीही बऱ्याच वाचकांना ही मालिका मनापासून आवडली, आणि जीवन झालेल्या हिमेश पटेल यांना अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. हे कसं काय?

'वेळ कमी होता' हे कारण इथे चालत नाही

चित्रपटाच्या बाबतीत कापाकापीचं कारण खरं असतं. पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पानांची पटकथा लागते, आणि तीन-चारशे पानांची कादंबरी त्यात मावत नाही. पण पाऊण तासाच्या वर चालणारे दहा भाग म्हणजे आठ तासांच्या आसपास वेळ झाला. एवढ्या वेळात मध्यम जाडीची कादंबरी आरामात बसते, वर जागाही उरते. म्हणून मालिकांबद्दलची तक्रार 'कापलं' अशी नसते, 'वाढवलं' अशी असते.

खरी अडचण आहे आतल्या आवाजाची. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आठवा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने बोलतात, आणि वाचक थेट त्यांच्या मनात बसलेला असतो. कॅमेऱ्याला मनात शिरता येत नाही. त्याला चेहरा दिसतो, हात दिसतात, दार उघडताना दिसतं. सगळा विचार मागून आवाजात वाचून दाखवला तर पहिल्या भागातच कंटाळा येतो. मग पटकथालेखकाकडे एक जुना आणि खात्रीचा उपाय उरतो: विचार करणाऱ्या पात्रासमोर कुणीतरी असं आणून बसवायचं, की ज्याच्याशी त्याला बोलावंच लागेल.

कर्स्टनला त्या फ्लॅटवर नेलं ते याचसाठी. पुस्तकात जीवन आणि फ्रँक खिडकीतून शहर विझताना बघतात. दोघेही मोठी माणसं, दोघांनाही कळतंय; बोलायची फारशी गरज नाही. आता तिथे आठ वर्षांची मुलगी आली. तिचे आईवडील फोन उचलत नाहीत. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, किती सांगायचं? पुस्तकातली भीती वाक्यांमध्ये आहे. पडद्यावर ती एका मुलीच्या प्रश्नांमध्ये आणि एका अननुभवी माणसाच्या अडखळत दिलेल्या उत्तरांमध्ये आली. घटना बदलली, पण तिने करायचं काम झालं.

मोठ्या वाड्यातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवताना असंच होतं. कोनाडे बरोबर नेता येत नाहीत. कोनाड्यात जे ठेवत होतो त्याला नवीन जागा शोधावी लागते. तेव्हा 'कोनाडा कुठे गेला' यापेक्षा 'दिवा कुठे लावलाय' हे बघावं. मालिकेत दिवाच दिसला नाही, तर मग चिडायचा पूर्ण हक्क आहे.

चेहऱ्यांचा वाद यापुढे मला लहान वाटतो. कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' दूरदर्शनवर आल्यापासून कितीतरी वाचकांच्या डोळ्यांसमोर माधवराव म्हणून रवींद्र मंकणीच येतात. चांगला नट पुस्तकातला चेहरा पुसून स्वतःचा ठेवतो. त्याला इलाज नाही, आणि ते नुकसानही नाही.

वाढवलेलं कधी खपतं, कधी खुपतं

पुस्तकात साथीमुळे काही प्रवासी एका विमानतळावर अडकतात. तिथे एक विमान उतरतं, लांब उभं राहतं आणि त्याचं दार कधीच उघडत नाही. आतले प्रवासी आजारी आहेत एवढं आपण समजून घेतो. दार बंद ठेवायचं कुणी ठरवलं, हे लेखिका उलगडून सांगत नाही. मालिकेने इथे एक फोन घातला: दूर मलेशियात मरणाच्या दारात असलेली मिरांडा, आर्थरची आधीची बायको, त्या वैमानिकापर्यंत पोचते आणि प्रवाशांना उतरू देऊ नका म्हणून त्याला विनवते.

हा बदल अनेकांच्या काळजाला भिडला. माझ्या मते इथे मिळालं तेवढंच गेलंही. मिरांडाला पुस्तकात नसलेलं एक मोठं कर्तृत्व मिळालं, विमानतळावरची माणसं का वाचली याला कारण मिळालं. पण पुस्तकातल्या त्या न उघडणाऱ्या दाराची धास्ती कमी झाली. ज्यांना पुस्तकात हीच धास्ती आवडली होती त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. 'बदल चांगला की वाईट' या एका प्रश्नात हे मावणार नाही. काय देऊन काय घेतलं, असं विचारावं लागतं.

'क्रम का मोडला?'

ही तक्रार मात्र फार वेळा खरी निघते. स्टीफन किंग यांच्या 'द स्टँड' (१९७८) या कादंबरीत आधी साथ येते, मग उरलेली माणसं एकेक करून रस्त्याला लागतात, मग एकत्र येतात. १९९४ सालच्या चार भागांच्या मालिकेने हाच क्रम ठेवला. तिची पटकथा किंग यांनीच लिहिली होती. २०२० साली आलेल्या नऊ भागांच्या मालिकेने सुरुवातच वाचलेल्या माणसांच्या वस्तीत केली, प्रेतं उचलण्याच्या कामापासून, आणि साथीचा काळ मागे जाऊन तुकड्या-तुकड्यांनी दाखवला.

तोटा सरळ आहे. साथीच्या गोष्टीत पहिला प्रश्न 'कोण वाचणार' हा असतो. वस्तीत आधीच भेटलेला माणूस मागच्या काळात संकटात सापडला तरी जीव टांगणीला लागत नाही, कारण तो पुढे सुखरूप आहे हे आपण पाहिलेलं असतं. जग हळूहळू ढासळताना बघणं हाच ज्या पुस्तकाचा जोर, त्याचा क्रम उलटा केला की जोरच जातो.

'स्टेशन इलेव्हन'ही सतत वीस वर्षं मागे-पुढे करते, पण तिथे हे खटकत नाही. पुस्तकच तसं आहे. आणि कर्स्टन वाचणार का हा त्या गोष्टीचा प्रश्नच नाही. लहानपणी जे गमावलं ते मोठेपणी कुठल्या रूपात उगवतं, हा आहे. त्यासाठी दोन्ही काळ शेजारी-शेजारीच हवेत.

'असं घडूच शकत नाही': पाणी, वीज आणि पेट्रोल

आता दुसरी तक्रार. इथे कोल्हापूरकरांचं मत मोलाचं आहे, कारण पुरवठा तुटला की काय होतं हे त्यांनी पाहिलंय. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि टँकर, दूध, भाजी सगळं अडकलं. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असताना घरातले नळ कोरडे पडले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

नळ कोरडे का पडतात हे समजलं की कुठलीही प्रलयोत्तर मालिका तपासता येते. नदीतलं पाणी पंपाने उचलून शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथून उंच टाक्यांत आणि मग उताराने घरात. टाकीत असेल तेवढं पाणी वीज गेल्यावरही येतं. ते संपलं की संपलं. पंपाची मोटर बुडाली तर पूर ओसरल्यावर बटण दाबून भागत नाही. मोटर खोलायची, वाइंडिंग म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी धुऊन गरम हवेत वाळवायची, मेगर नावाचं मापक लावून इन्सुलेशन तपासायचं, मगच जोडायची. ओली मोटर चालू केली की वाइंडिंग जळतं. हे करायला माणसं, सुटे भाग आणि वीज, तिन्ही लागतात. म्हणून साथीनंतर महिन्याभराने एखाद्या पात्राने नळाखाली अंघोळ केली, तर खटकायलाच पाहिजे.

वीज आणखी लवकर जाते. ग्रिडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यात, जेवढी वापरली जाते तेवढीच वीज त्या क्षणी तयार व्हावी लागते, आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास धरून ठेवावी लागते. मेळ बिघडला की यंत्रं वाचवण्यासाठी संरक्षक रिले आपोआप जोडण्या तोडतात. औष्णिक केंद्राला सतत कोळसा लागतो. माणसं कामावर आली नाहीत तर फार तर काही दिवसांत सगळं काळोखात जातं. एकदा पूर्ण बंद पडलेलं ग्रिड पुन्हा उठवायला बाहेरच्या विजेशिवाय सुरू होऊ शकणारं केंद्र लागतं, बहुधा जलविद्युत. तिथून एकेक वाहिनी मोजून-मापून जिवंत करत न्यावी लागते, आणि हे येणारी माणसं मोजकीच असतात. 'कुणीतरी खटका ओढला आणि शहर उजळलं' हे दृश्य त्यामुळेच पटत नाही.

उलट काही गोष्टी माणसाशिवायही चालतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. शहर रिकामं झालं तरी पहिल्या पावसाळ्यात ते उघडतीलच. अशा बारकाव्याने गोष्टीतलं जग खरं वाटतं, आणि मालिकावाल्यांना तो फारसा सुचत नाही याची मला हळहळ वाटते.

सगळ्यांत मोठी चूक पेट्रोलची. नेहमीच्या साठवणीत पेट्रोल तीन ते सहा महिने बरं राहतं. मग हलके घटक उडून जातात आणि इंजिन चालू होत नाही. हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते आणि कार्ब्युरेटरची जेट किंवा इंजेक्टर तुंबतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी जातं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या जुन्या दुचाक्या चालू होईनात, त्यामागे हेच होतं. बॅटरी उतरलेली ती वेगळीच. डिझेल थोडं जास्त टिकतं, पण टाकीत पाणी साचलं की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढून फिल्टर बंद होतो. थोडक्यात, वीस वर्षांनी बेवारस गाडीची टाकी उपसून कुणी सुसाट निघालं तर ते सपशेल चूक.

'स्टेशन इलेव्हन'ने हे चुकवलेलं नाही. फिरत्या मंडळीच्या गाड्या म्हणजे जुने पिकअप ट्रक, आणि ते ओढायला घोडे. एवढ्या एका गोष्टीवर वाचकाचा विश्वास बसतो.

औषधांचंही तसंच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवलं तर मुदतीपर्यंत चालतं, बाहेर साधारण महिनाभर. मधुमेही पात्र वर्षभर मजेत दिसत असेल तर लेखकाने त्याचं कारण द्यायला हवं.

मग कपडे इतके स्वच्छ का?

प्रत्येक प्रलयोत्तर मालिकेवरचा हा ठरलेला आक्षेप. कपडे जुने करायचं काम वेशभूषा विभागात खरोखर होतं: सँडपेपरने कोपर-गुडघे घासतात, रंगाच्या पाण्यात बुडवतात, शिवण उसवून पुन्हा घालतात. अडचण अशी की एकाच कपड्याच्या तीन-चार प्रती लागतात, एक नटाला, एक साहसदृश्य करणाऱ्याला, एक राखीव. सगळ्यांवरचे डाग हुबेहूब जुळावे लागतात. शिवाय प्रसंग गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. आठव्या भागातला फाटका सदरा दुसऱ्या भागाच्या आधी चित्रित होऊ शकतो. म्हणून मळ बेतानेच चढवतात. यावरून अख्ख्या मालिकेला नावं ठेवू नयेत. चूक किती गंभीर हे गोष्ट कशावर उभी आहे त्यावर ठरतं. टंचाई हाच गोष्टीचा कणा असेल तर पेट्रोलची चूक कणा मोडते. स्वच्छ सदरा नाही मोडत.

'जग बुडालं आणि यांना नाटक सुचतंय?'

हा आक्षेप फार जण घेतात. खायला नाही तिथे शेक्सपिअर कोण बघणार?

इतिहास काय सांगतो ते बघा. १९१८ च्या फ्लूने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९१९ च्या सुरुवातीलाच गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं, नाटककार राम गणेश गडकरी नुकतेच गेलेले असताना. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. बैलगाडी, आगगाडी करत गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्या आपल्याला कल्पनेत शोधाव्या लागत नाहीत. ज्यांच्या नावाने कोल्हापुरात नाट्यगृह आहे त्या केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श मंडळी घेऊन हेच केलं.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. नाट्यगृह होतं तसं पुन्हा उभारा, ही मागणी आगीपाठोपाठच उठली. ती करणाऱ्यांत फक्त रंगकर्मी नव्हते. ज्या गावाने हे केलं त्या गावाला कर्स्टनची मंडळी अशक्य वाटायचं कारण नाही. त्यांच्या गाडीवर लिहिलेल्या ओळीचा अर्थही तोच आहे: नुसतं तगून राहणं पुरत नाही.

साथीच्या काळात साथीची मालिका

'स्टेशन इलेव्हन'चं चित्रीकरण २०२० च्या जानेवारीत शिकागोत सुरू झालं, कोरोनामुळे थांबलं आणि २०२१ मध्ये कॅनडात पुन्हा सुरू झालं. ती आली तेव्हा ओमिक्रॉन पसरत होता. काहींनी पहिल्याच भागात बंद केली. दवाखान्याचे प्रसंग त्यांना सोसवले नाहीत. काहींना त्याच वेळी ती आधार वाटली. हा मालिकेच्या दर्जाचा निवाडा नाही, बघणाऱ्याच्या त्या महिन्यांचा परिणाम आहे. तेव्हा अर्धवट सोडलेल्यांनी आता पुन्हा बघायला हरकत नाही.

पुस्तक आधी की मालिका?

पुस्तक आधी वाचलं असेल तर मध्ये महिना-दोन महिने जाऊ द्या. पुस्तक ताजं असताना प्रत्येक प्रसंग ताडून बघायची सवय सुटत नाही. मत बनवण्याआधी किमान तीन भाग बघा: पहिला साथीच्या रात्रीचा, दुसरा वीस वर्षांनंतरचा, तिसरा मिरांडाचा. या तिन्हींशिवाय मालिकेची वीण दिसत नाही, आणि पहिल्या भागावरच थांबलेल्यांच्या प्रतिक्रियांना फार किंमत देऊ नये.

मालिका आधी बघितली असेल तर पुस्तकात जीवन-कर्स्टनची जोडी शोधू नका, ती तिथे नाही. विमानतळावरचं प्रकरण सावकाश वाचा. तिथे आर्थरचा मित्र क्लार्क याने मांडलेलं निकामी फोन आणि क्रेडिट कार्डांचं संग्रहालय पुस्तकात जास्त खुललंय. 'द स्टँड'ची १९९४ ची मालिका आधी आणि २०२० ची नंतर बघा. उलट बघितल्यात तर जुन्या मालिकेतला साथीचा भाग तुम्हाला उगाच लांबवलेला वाटेल.